पुण्याची जमीन आणि पायलिंगच्या कामावरची माणसे

पायलिंग म्हणजे इमारतीचा, पुलाचा किंवा मेट्रोच्या मार्गाचा भार वरच्या कच्च्या थरांतून खालच्या भक्कम थरापर्यंत पोचवणारे खांब जमिनीत उभे करणे. हे काम दोन तऱ्हांनी होते. एकीत तयार खांब यांत्रिक हातोड्याने ठोकून जमिनीत उतरवतात. दुसरीत आधी बोअर घेतात, त्यात सळयांचा पिंजरा सोडतात आणि जागेवरच काँक्रीट भरतात. पुण्यातले पायलिंग जवळजवळ सगळे दुसऱ्या तऱ्हेचे आहे. कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार करताना हे आधी ध्यानात घ्यावे लागते, कारण कामाची तऱ्हा बदलली की धोक्याची जागाही बदलते.

पुण्यात ही दुसरी तऱ्हा रूढ झाली ती इथल्या जमिनीमुळे. शहर दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा कातळ बऱ्याच भागांत काही मीटर खोलीवरच लागतो. त्याच्यावर मुरूम, मुरुमावर काळी माती, आणि शहर वाढत गेले तसा ठिकठिकाणी टाकलेला भराव. मुळा-मुठेच्या काठाने गाळ, वाळू आणि गोट्यांचे थर जाड होतात. अशा जमिनीत ठोकलेला खांब मुरूम ओलांडून कातळावर अडतो आणि तरीही हातोडा चालू ठेवला तर त्याचे डोके फुटते. म्हणून इथे कातळात बोअर घेऊन खांबाचे टोक त्यात रुतवतात. पूर्वी त्रिपाय, विंच आणि जड छिन्नी यांवर हे काम चाले. लहान कामांवर ते अजूनही चालते. मोठ्या कामांवर हायड्रॉलिक रिग आले. 24 डिसेंबर 2016 रोजी पुणे मेट्रोची पायाभरणी झाली आणि पुढच्या काही वर्षांत हे उंच रिग पिंपरीपासून कर्वे रस्ता आणि नगर रस्त्यापर्यंत पुणेकरांच्या रोजच्या पाहण्यातले झाले.

ठोकण्याच्या पायलिंगचे धोके ठळक असतात. वजनदार हातोडा, त्याला धरणारा वायर रोप, फुटून उडणारा खांबाचा तुकडा आणि कान बधिर करणारा आवाज. ठोकणाऱ्या यंत्राचा आवाज पंधरा मीटरवरही 100 डेसिबलच्या आसपास भरतो. आपल्याकडच्या कारखाना नियमांत 90 डेसिबलचा आवाज आठ तास आणि 100 डेसिबलचा दोनच तास चालतो, त्यामुळे अशा यंत्राजवळ पूर्ण पाळी करणारा माणूस ऐकणे गमावणार हे ठरलेलेच. बोअरच्या पायलिंगला एवढा गाजावाजा नाही. यंत्र गुरगुरते, माती वर येते, काम शांतपणे पुढे सरकते. या शांततेमुळेच काम सुरक्षित वाटते, आणि डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकदार जाकीट, पायात बूट एवढे जमले की सुरक्षिततेची पूर्तता झाली असे मानले जाते. पण पायलिंगमध्ये माणसाचा जीव जाईल की राहील हे बहुतेक वेळा रिग साइटवर येण्याआधीच ठरलेले असते. ते ठरवणारी माणसे रिगजवळ उभी नसतात.

सगळ्यात मोठा धोका रिग उलटण्याचा. मोठ्या रिगचे वजन पन्नास-साठ टनांच्या घरात जाते. त्याचा मास्ट, म्हणजे उभा मनोरा, सहामजली इमारतीएवढा उंच असतो आणि त्याला केली बार हा फिरणारा दांडा आणि ऑगर किंवा बकेट हे खोदण्याचे हत्यार लटकलेले असते. एवढे वजन इतक्या उंचीवर असल्याने जमीन थोडी जरी एका बाजूला दबली तरी तोल बिघडतो. यंत्र सपाट जागी स्थिर उभे असताना त्याचा भार दोन्ही साखळीपट्ट्यांवर पसरलेला असतो. पण मास्ट उभा ठेवून यंत्र वळवले, किंवा खाली अडकलेले हत्यार जोर लावून उपसले, की तोच भार एका पट्टीच्या पुढच्या टोकावर एकवटतो आणि तिथला दाब कित्येक पटींनी वाढतो. रिग उलटतात ते जास्त करून अशाच वेळी, म्हणजे एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जाताना किंवा हत्यार ओढताना. कोरड्या दिवसांत काळी माती दगडासारखी लागते. एका पावसात तीच चिखल होते. मे महिन्यात ज्या जागेवर रिग निर्धास्त फिरला, तिथेच जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो रुतू शकतो.

2018 च्या सुरुवातीला नाशिक फाट्याजवळ मेट्रोच्या कामावरचा पायलिंगचा रिग पुणे-मुंबई महामार्गावर कोसळला. जीवितहानी झाली नाही. ज्यांनी त्या रस्त्याची वाहतूक पाहिली आहे त्यांना हे किती थोडक्यात निभावले ते सांगावे लागणार नाही. अशी घटना जीव न जाताही गंभीरच असते. बांधकाम कामगारांसाठीच्या नियमांत, कोणी जखमी झालेले नसले तरी उचल यंत्रे कोसळणे किंवा उलटणे यांसारखे धोक्याचे प्रसंग कळवण्याची तरतूद आहे, ती याचसाठी. प्रत्यक्षात कोणी मेले नाही म्हणजे काही घडले नाही, असे धरून क्रेन बोलावली जाते, यंत्र उभे केले जाते आणि काम सुरू होते. मग पुढच्या साइटवरचा ऑपरेटर तीच चूक नव्याने करायला मोकळा राहतो.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. रिग फिरणार तेवढ्या सगळ्या जागेवर मुरूम-खडीचा, नीट दाबलेला, पाण्याचा निचरा होणारा पाट तयार करायचा. त्याची जाडी खालच्या मातीची ताकद आणि रिगचा दाब यांवरून अभियंत्याने काढायची. ब्रिटनमध्ये 2004 मध्ये अशा पाटांसाठी वेगळी मार्गदर्शिका निघाली, आणि पाट तपासून दिल्याच्या सहीच्या कागदाशिवाय रिग आत न घेण्याची शिस्त तिथल्या पायलिंग ठेकेदारांनी लावून घेतली. यात महत्त्वाचे आहे ते जबाबदारीचे वाटप. पाट घालून देणे मुख्य ठेकेदाराचे काम आहे. रिगवाल्याने येऊन आहे त्या जमिनीवर निभावून न्यायचे नाही.

या पाटाखाली एक सापळा असतो आणि तो पायलिंगच्या कामातूनच तयार होतो. खांबाचे काँक्रीट जमिनीच्या पातळीपर्यंत भरत नाहीत. तळघराची किंवा पाइल कॅपची, म्हणजे खांबांच्या डोक्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, पातळी जिथे असेल तिच्या थोडे वर थांबतात. त्यामुळे बोअरचा वरचा दोन, तीन, कधी पाच-सहा मीटरचा भाग रिकामा राहतो. संध्याकाळी घाईत बाजूचीच ओली माती त्यात ढकलतात, वर फावडे फिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी ती जागा बाकीच्या जमिनीसारखीच दिसते. चार दिवसांनी रिग शेजारच्या खांबासाठी वळतो, आणि त्याची पट्टी नेमकी तिथे येते. म्हणून रिकामा भाग खडीने किंवा फिक्या काँक्रीटने थर देत भरणे, आणि भरलेल्या प्रत्येक बोअरची खूण नकाशावर व जमिनीवर ठेवणे आवश्यक असते. या कामाला खर्च फार नाही. पण ते कोणाच्याच बिलात नसते, म्हणून राहून जाते.

जुन्या पुण्यात जमिनीखाली आणखी काय असेल याचा भरवसा देता येत नाही. मार्च 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या केंद्राचे खोदकाम चालू असताना जमिनीखाली पाण्यासाठीचा जुना बोगदा लागला. 20 सप्टेंबर 2024 रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज सफाईचा ट्रक फरशीसकट जमिनीत गेला. तिथे जुनी विहीर असल्याचे पुढे आले. कात्रजहून येणारी पेशवेकालीन नळयोजना, वाड्यांतले हौद, बुजवलेल्या विहिरी, त्यांवर महावितरणच्या केबली, गॅसची वाहिनी, जलवाहिन्या आणि इंटरनेटच्या तारा, असा या शहराचा वरचा थर आहे. विजेच्या जिवंत केबलीत ऑगर शिरला तर यंत्राला हात लावून उभा असलेला हेल्पर आधी जातो. म्हणून प्रत्येक खांबाच्या जागी दीड-दोन मीटर खोलीपर्यंत हाताने चाचणी खड्डा घेऊन मगच रिग लावायचा असा दंडक असतो. तो पाळायला वेळ लागतो. वरचा धोकाही असाच. मास्ट उभारताना 22 हजार व्होल्टच्या तारांना तो टेकण्याचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेले तरी वीज झेप घेते.

रिगजवळ सगळ्यात जास्त वेळ असतो तो हेल्पर. त्याचे काम पाहिले तर धोका कुठे आहे ते नेमके कळते. ऑगर वर येतो तेव्हा त्याच्या पात्यांत ओला मुरूम गच्च बसलेला असतो. ऑपरेटर तो झटकन उलटसुलट फिरवून माती झटकतो. माती सुटली तर ठीक. चिकट असेल तर हेल्पर फावडे किंवा सळई घेऊन पुढे जातो आणि पात्यांतून ती उकरू लागतो. ऑपरेटर केबिनमध्ये वर आणि बाजूला, त्याला हेल्परची पाठ दिसते किंवा तीही दिसत नाही. यंत्राचा आवाज चालू. अशा वेळी ऑगर पाव फेरी जरी फिरला तरी सैल सदऱ्याची बाही, गळ्यातला गमछा किंवा फावड्याचा दांडा उसाच्या चरकात कांडे जावे तसा आत ओढला जातो. वरून सुटणारे मुरमाचे ढेकूळ हा दुसरा धोका. दहा मीटरवरून पडलेले चार-पाच किलोचे ढेकूळ हेल्मेट अडवू शकत नाही. युरोपात 2014 पासूनच्या मानकांत फिरत्या भागांना पिंजरा-दार आणि ते उघडताच फिरणे थांबणे अपेक्षित आहे. माती काढण्यासाठी ऑगरला जोडायचे यांत्रिक झाडणेही मिळते. ज्या साइटवर हे नाही तिथे निदान एवढे तरी व्हावे, की फिरणे बंद, ऑपरेटरचे हात नियंत्रणावरून बाजूला, सिग्नलमनची खूण, आणि मगच हेल्पर पुढे.

रिग बाजूला झाला की बोअर उरतो. मेट्रोच्या खांबांखालचे बोअर एक मीटर ते दीड मीटर व्यासाचे असतात, आणि कडा ढासळू नयेत म्हणून त्यांत बेंटोनाइट या चिकणमातीचे पाणी भरलेले असते. भोवतीही बेंटोनाइट आणि माती यांचा राडा पसरलेला असतो. रात्रीच्या उजेडात राडा आणि बोअरचे तोंड यांत फरक दिसत नाही. आत पडलेल्या माणसाला हाताला धरायला काही नसते, कारण बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या लोखंडी नळीची, म्हणजे लायनरची, कड बुळबुळीत आणि द्रव मातकट व जड असतो. म्हणून लायनर जमिनीच्या वर निदान मीटरभर ठेवणे, आणि ते शक्य नसेल तिथे जड जाळीचे झाकण लावणे, हाच बंदोबस्त खरा. नुसती लाल-पांढरी फीत कोणाला अडवत नाही. त्यात साइटवर मुलेही असतात. फेब्रुवारी 2019 मध्ये आंबेगाव तालुक्यातल्या थोरांदळे इथे रस्त्याच्या कामावरच्या मजुराचे सहा वर्षांचे मूल बोअरवेलमध्ये पडले. रात्रभर खटपट करून एनडीआरएफने ते जिवंत बाहेर काढले. आई-बाप कामावर असले की मुले कामावरच असतात हे गृहीत धरून झाकणाचा नियम करावा लागतो.

बोअरमध्ये माणूस उतरवणे तर सर्वस्वी वर्ज्य असले पाहिजे. तळ साफ करायला, अडकलेले हत्यार सोडवायला किंवा हाताने खणायला कोणी उतरतो, तेव्हा कडा ढासळणे आणि तळाशी प्राणवायू कमी असणे असे दोन धोके एकदम उभे राहतात. पहिल्याची कल्पना पुणे जिल्ह्याला ऑगस्ट 2023 मध्ये आली. इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबावाडीत खोल विहिरीच्या रिंगचे काम करताना ती ढासळून चार मजूर गाडले गेले आणि त्यांचे मृतदेह काढायला काही दिवस लागले. विहिरीचे काम आणि पायलिंग वेगळे असले तरी माती दोन्हीकडे त्याच रीतीने ढासळते.

पुढची पायरी सळयांच्या पिंजऱ्याची. दहा-बारा मीटर लांबीचा पिंजरा आडवा बांधतात आणि क्रेनने उभा करतात. आडवा असताना तो मजबूत भासतो. उचलताना मधे वाकतो, आणि सळया नुसत्या बाइंडिंग वायरने बांधल्या असतील तर पिळा पडून सुटतो. उचलण्याच्या जागी वेल्ड केलेल्या जाड कड्या, दोन हुकांनी उचल, आणि पिंजरा फिरवायला लांब दोरी असेल तर माणसाला त्याच्याखाली जावे लागत नाही. सळयांच्या सांगाड्याचे वजन किती घातक असते ते 3 फेब्रुवारी 2022 च्या रात्री येरवड्यातल्या शास्त्रीनगरला दिसले. बांधकामाच्या तळाशी सळयांची जड जाळी बांधण्याचे काम चालू होते. ती कोसळली आणि पाच मजूर दगावले. सगळे बिहारहून आलेले. ते काम पायलिंगचे नव्हते, पायाचे होते, पण धोका एकच. बांधत असताना सळया स्वतःच्या वजनाने उभ्या राहात नाहीत, त्यांना तात्पुरता आधार लागतो. तो आधार किती आणि कुठे द्यायचा याचे चित्र कोणीतरी आधी काढलेले असले पाहिजे, आणि रात्रीच्या पाळीत ते तपासणारा अभियंता हजर असला पाहिजे.

काँक्रीट भरताना मागे येणारे मिक्सर ट्रक हा उघड धोका आहे. कमी दिसणारा धोका सिमेंटचा. ओले सिमेंट तीव्र अल्कली असते. बुटात शिरले आणि पाळी संपेपर्यंत तसेच राहिले की कातडी जळते. कामगार म्हणतात, सिमेंटने पाय खाल्ले. भरपूर पाणी, कोरडे मोजे आणि दहा मिनिटांची सवड एवढ्याने हे टळते.

खांब तयार झाल्यावर त्याचे डोके ब्रेकरने फोडून सळया मोकळ्या करतात. ब्रेकर धरणाऱ्याच्या हातांना सतत हादरे बसतात, आणि वर्षानुवर्षे हे काम केले की बोटे बधिर आणि पांढरी पडू लागतात. नंतर खांबाची भार चाचणी होते. 300 टनांच्या खांबाची नेहमीची चाचणी भारतीय मानकानुसार दीडपट, म्हणजे 450 टनांना घेतात. जॅकला वरून दाबून धरायला त्याहून निदान पाव भाग जास्त वजन रचावे लागते. म्हणजे साडेपाचशे टनांहून जास्त काँक्रीटचे ठोकळे किंवा वाळूची पोती एका मचाणावर रचलेली, आणि त्या मचाणाखाली वाकून डायल गेज वाचणारा माणूस. मचाणाचे टेकू ज्या मातीवर आहेत तिची ताकद कोणी पाहिलेली नसते, कारण सगळ्यांचे लक्ष खांबावर असते. आज दूर बसून वाचता येणारी उपकरणे सहज मिळतात. तरीही माणूस आत पाठवणे चालू असेल, तर तिथे पैसा वाचवला जातो आहे एवढाच त्याचा अर्थ.

यंत्रापासून दूर असलेलाही सुरक्षित नसतो. 29 जून 2019 च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. 15 जण मेले. त्यांत लहान मुलेही होती. तीनच दिवसांनी पुणे शहरातल्याच आंबेगावात दुसरी भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून 6 जण गेले. दोन्हीकडे पाऊस निमित्त झाला. भिंतीला लागून वस्ती वसवायची हा निर्णय मात्र माणसाचा होता. पायलिंग आणि तळघराचे खोदकाम शेजारच्या जमिनीचा आधार कमी करते, छिन्नीचे हादरे जुन्या भिंतीला तडे पाडतात. अशा कडेला रात्री झोपण्याची जागा देणे हा कामाच्या नियोजनाचाच भाग मानला पाहिजे.

या सगळ्याला कायदा नाही असे नाही. बांधकाम कामगारांसाठी 1996 चा अधिनियम झाला, 1998 मध्ये केंद्रीय नियम आले. त्यांत पायलिंगसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात शेजारच्या बांधकामाची स्थिरता, ऑपरेटरचे संरक्षण, परक्या माणसांना मज्जाव, यंत्राची तपासणी असे सगळे येते. पायलिंगच्या सुरक्षिततेसाठीचे भारतीय मानक, आयएस 5121, तर 1969 चे आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. तिच्यात 250 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. पूर्वी हा आकडा 500 होता, तेव्हा ही सुधारणाच. पण पायलिंगच्या टप्प्यावर साइटवर माणसे थोडी असतात. एक-दोन रिग, एक क्रेन, सळईवाल्यांची टोळी आणि मिक्सरचे ड्रायव्हर. डोकी मोजून सुरक्षा अधिकारी द्यायचा तर ज्या टप्प्यावर त्याची गरज सगळ्यात जास्त, तिथेच तो नसतो. निकष यंत्राच्या वजनावर आणि खोलीवर हवा.

कागदावरचे नियम जमिनीवर उतरत नाहीत याचे मोठे कारण पैशाच्या मांडणीत आहे. पायलिंगचा दर बहुधा रनिंग मीटरवर ठरतो. रिग महिन्याच्या भाड्याने आलेला असतो. चाचणी खड्डा, पाट, बोअर भरणे, झाकणे, पाऊस पडल्यावर थांबणे, यांतल्या कशानेही मीटर वाढत नाहीत, भाडे मात्र चढत राहते. त्यात कातळ अंदाजापेक्षा कठीण लागला की दिवसाचे गणित आधीच कोलमडलेले असते, आणि ते भरून काढायला रात्रपाळी लावली जाते. मुकादमाकडून टोळीने आलेला, महिनाभरापूर्वीच पुण्यात उतरलेला मजूर अशा वेळी नाही म्हणू शकत नाही. त्याला हेल्मेट दिले म्हणून त्याच्या हाती निर्णय येत नाही.

म्हणून सुरुवात निविदेपासून झाली पाहिजे. पाट घालणे, चाचणी खड्डे, रिकामे बोअर भरणे आणि पावसातली सक्तीची विश्रांती यांच्या वेगळ्या बाबी आणि वेगळे दर निविदेतच असावेत, म्हणजे त्यांत काटकसर करून कोणाला स्वस्त बोली लावता येणार नाही. रिग आत घेण्याआधी पाटाची सही मुख्य ठेकेदाराच्या अभियंत्याची असावी आणि काम थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला लेखी असावा. मेट्रो, महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) हे शहरातले सगळ्यात मोठे काम देणारे आहेत. त्यांच्या निविदांत हे एकदा आले की खासगी बांधकामांत त्याची मागणी करणे सोपे जाईल, कारण रिग, ऑपरेटर आणि टोळ्या दोन्हीकडे त्याच असतात.